विसावं नाव

भोंगा एका पक्षाकडे गेला आणि अँप्लिफायर दुसऱ्याकडे.

वांद्र्याच्या खेरवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाटणीची यादी झाली, त्यात हे सगळ्यात शेवटी होतं. त्या दोन वस्तू वेगळ्या लिहायच्या असतात हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं दोन्ही मिळून ‘लाऊडस्पीकर’ होता. आधीची यादी अशी: लोखंडी कपाट एक, सतरंज्या दोन, किटली एक, कप चौदा (पैकी दोन कानतुटके), मार्क्सची तसबीर, लेनिनची तसबीर. लेनिन अर्थातच स्वतःला लेनिनवादी म्हणवणाऱ्यांनी नेला. उरलेल्यांच्या वाट्याला मार्क्स आला, त्याच्या काचेला तडा होता. किटली इकडे आली म्हणून कप तिकडे गेले. त्याच न्यायाने भोंगा इकडे आणि अँप्लिफायर तिकडे. कोणावर अन्याय झाला असं म्हणायला जागा उरली नाही.

ही गोष्ट आहे. यातली माणसं मी रचलेली आहेत. फूट मात्र रचलेली नाही.

लाल निशाण पक्ष 1988 मध्ये फुटला. फुटीचं कारण लालबाग-परळमध्ये नव्हतं, वांद्र्यात तर नव्हतंच. गोर्बाचेव्ह 1985 मध्ये सोव्हिएत संघाचे प्रमुख झाले, त्यांनी पेरेस्त्रोइका, म्हणजे पुनर्रचना, आणली. तिकडे चीनमध्ये डेंग बाजाराची दारं उघडत होते. पक्षाच्या नेतृत्वाने या बदलांच्या बाजूने कौल दिला. ज्यांना हा कामगारवर्गाशी द्रोह वाटला ते बाहेर पडले, आणि लाल निशाण पक्ष (लेनिनवादी) उभा राहिला. कंसासह. आपल्याकडच्या डाव्या पक्षांचा इतिहास कोणाला लिहायचा असेल तर त्याने कंसांचा इतिहास लिहावा, काम निम्म्यात होईल.

त्यातही गंमत बघा. हा पक्ष मुळात जन्मला तोच मॉस्कोच्या वाटेने जायचं नाही म्हणून. हिटलर रशियावर चालून गेल्यावर कम्युनिस्ट पक्षाने महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ ठरवलं आणि 1942 च्या ‘चले जाव’पासून अंग काढून घेतलं. ते न पटलेले एस. के. लिमये, यशवंत चव्हाण वगैरे तरुण बाहेर पडले, आणि नवजीवन संघटना या नावाने पुढच्या लाल निशाणाची सुरुवात झाली. सेहेचाळीस वर्षांनी तोच पक्ष मॉस्कोत काय चाललंय यावरून दुभंगला. फुटी इतरत्रही होत होत्या. कम्युनिस्ट पक्षाचे जुने नेते कॉम्रेड डांगे यांच्या घरातही पक्ष निघाला होता. त्यांच्या कन्या रोझा देशपांडे यांनी 1980 च्या सुमारास वेगळी चूल मांडली, आणि खुद्द डांग्यांना आयुष्यभराच्या पक्षाने 1981 मध्ये काढून टाकलं. पुढे 2017 मध्ये मूळ लाल निशाण पक्ष भारतीय कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला. 1942 मध्ये जे घर सोडलं होतं त्याच घरात, पंचाहत्तर वर्षांनी. लेनिनवादी त्याआधीच दुसऱ्या वाटेला, भाकप (माले) लिबरेशनवाल्यांच्या जवळ गेले होते.

तर खेरवाडी.

शाखेत दोघे जुने. एक साचेवाला, दुसरा वायरमन. वस्तीत त्यांना याच नावांनी ओळखत. साचेवाला लोअर परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होता. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले त्यातला एक, आणि ज्यांना पुन्हा गिरणीत पाऊल टाकता आलं नाही त्यातलाही एक. गिरणी गेल्यावर पी.एफ.च्या पैशांसाठी मात्र त्याला फार लांब जावं लागलं नाही. भविष्य निधी भवन वांद्र्यातच, घरापासून चालत. ‘सरकारने निदान रांग तरी घराजवळ दिली,’ असं तो म्हणायचा. वायरमन त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. बाजारात त्याचं मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं दुकान, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोघांचं सगळं अरे-तुरेत. 1974 च्या रेल्वे संपाच्या वेळी दोघांनी वर्गणी जमवून लॅमिंग्टन रोडवरून जुना लाऊडस्पीकर आणला होता. वायरमनने तो तपासून घेतला, साचेवाल्याने भाव केला. भोंगा साचेवाल्याच्या डोक्यावर आणि अँप्लिफायर वायरमनच्या मांडीवर, असे दोघे लोकलने वांद्र्याला आले.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भोंगा म्हणजे नुसतं पत्र्याचं नरसाळं. त्याच्या मागच्या टोकाला मुठीएवढं लोखंडी युनिट स्क्रूने बसवलेलं असतं, त्यात पातळ पडदा. आवाज तिथे उमटतो, नरसाळं तो लांब फेकतं. पण त्या पडद्याला हलवायची ताकद अँप्लिफायरकडून येते. अँप्लिफायर नसेल तर भोंगा मुका. भोंगा नसेल तर अँप्लिफायर म्हणजे तापणारी पेटी, बटण दाबलं की घूं करते, बस्स.

फुटीच्या सभेत दोघांनीही आपापली बाजू नीट मांडली होती, हे सांगायला हवं. नाहीतर दोन खुळे भांडले असं वाटेल. वायरमन म्हणाला, “तिकडे दुकानात साबण मिळत नाही, आणि साबण नाही असं बोलायचीही सोय नाही. ही झाकलेली मूठ उघडली नाही तर सगळं आतून कुजेल. गोर्बाचेव्ह उघडतोय, उघडू दे.” साचेवाला म्हणाला, “गिरणीत आधुनिकीकरण आणणार म्हणाले तेव्हापण असंच गोड बोलले होते. आधी नफ्याला दार उघडतात, मग त्याच दारातून आपल्याला बाहेर काढतात. मी बघून बसलोय.” आता मागे वळून पाहताना मला दोघांचंही म्हणणं खोटं ठरलेलं दिसत नाही. दोन खरी म्हणणी एका खोलीत मावली नाहीत, एवढंच.

मतं मोजली. तेवीस सभासद. बारा वायरमनकडे, अकरा साचेवाल्याकडे. सभा संपताना साचेवाला उठून म्हणाला, “कॉम्रेड, आपण आपली वस्तू घेऊन जावी.” वायरमनच्या कानाला भोंगा लागला असता तरी बरा, इतका तो ‘आपण’ लागला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होता तो. तोही म्हणाला, “आपलीही विसरू नये, कॉम्रेड.”

त्यानंतर भोंगा साचेवाल्याच्या माळ्यावर पडला, कबुतरं त्यात काड्या आणू लागली. वायरमन महिन्यातून एकदा अँप्लिफायर चालू करायचा, दमट हवेने आतली वायरिंग खराब होऊ नये म्हणून. दहा मिनिटं घूं ऐकायचा आणि बंद करायचा. सभा दोघांच्याही चालूच होत्या. महागाईविरोधी, रॉकेलसाठी, रेशनच्या गव्हासाठी. त्याच मागणीसाठी एकाची सभा मंगळवारी, दुसऱ्याची शुक्रवारी. दोघेही कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याकडून लाऊडस्पीकर भाड्याने आणत. फुटीचा खरा लाभार्थी तोच. लग्नसराई नसलेल्या महिन्यांत त्याचा संसार दोन कम्युनिस्ट पक्षांवर चालायचा.

1991 च्या नाताळात वांद्र्यात नेहमीसारखे कागदी तारे टांगले होते. वायरमन त्या आठवड्यात पश्चिमेला कामात गढलेला. कुणाच्या बाल्कनीत माळ, कुणाच्या गोठ्याच्या देखाव्यात छोटा दिवा, असल्या किरकोळ कामांचा त्याचा तो हंगाम. 25 डिसेंबरच्या रात्री साडेदहा वाजून गेल्यावर रेडिओवर बातमी आली. गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला, क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला.

साचेवाल्याला झोप लागेना. वाक्य तीन वर्षांपासून तयार होतं. घासूनपुसून ठेवलेलं. ‘सांगितलं होतं की नाही, कॉम्रेड?’ तो चप्पल घालून निघाला आणि वायरमनच्या दारात जाऊन उभा राहिला. दार लोटलेलंच होतं. आत वायरमन जमिनीवर बसून मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत होता. ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाची पानं. त्या काळी अर्ध्या महाराष्ट्राच्या शाळकरी वह्यांना हीच कव्हरं असत, तसला गुळगुळीत, जाड, रंगीत कागद आपल्याकडच्या कुठल्या मासिकाला नव्हता. अंकांचा गठ्ठा समोर होता आणि तो एकेक पान नीट कापत होता. शाळा नाताळच्या सुट्टीमुळे बंद, वह्यांची घाई कसलीच नव्हती.

“या,” वायरमन म्हणाला. मान वर न करता.

साचेवाला बसला. वायरमनने कात्री सरकवली. साचेवाल्याने एक पान घेतलं, त्यावर गव्हाचं शेत आणि हसणारी ट्रॅक्टरवाली बाई होती. दोघांनी मिळून नऊ वह्या केल्या. मग साचेवाला उठला आणि घरी गेला. ते वाक्य त्याने पुढे कधी वापरलं नाही. वायरमननेही, झेंडा ज्याने उतरवला त्याच्या बाजूने मत दिल्याबद्दल, काही खुलासा केला नाही. पण पक्ष दोनचे दोनच राहिले, आणि दोघांमधलं ‘आपण’ही तसंच.

आता मावशी. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आली, आधी बांधकामावर पाट्या टाकल्या, मग झाडू हातात आला. नव्वदीच्या मध्यात ठेकेदाराच्या हाताखाली रस्ता झाडायची. सकाळी सहाला हजेरी चौकीवर मुकादम वही उघडून नावं घ्यायचा. झाडणाऱ्या एकतीस, वहीत नावं एकोणीस. उरलेल्या बाराजणींना पगार मिळे, पण हातात, कमी आणि बिनपावतीचा. हातमोजे, गमबूट, रजा, यातलं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

एका पावसाळ्यात काचेने एकीचा तळहात फाटला. तिचं नाव वहीत नव्हतं, म्हणून ठेकेदार म्हणाला ही आमची बाईच नाही. मावशी साचेवाल्याकडे गेली. त्याने तिला खाटेवर बसवून समजावलं, साचाखात्यात नव्या पोराला समजवावं तसं.

“मावशे, कंत्राटी कामगारांचा कायदा आहे, 1970 चा. एका ठेकेदाराकडे वीस किंवा जास्त माणसं असली की तो लागू होतो. एकोणीस असली की नाही. म्हणून तुझा मुकादम एकोणिसावर पेन्सिल थांबवतो. एक ठेकेदार, एकोणीस माणसं. शेजारी त्याच्याच मेव्हण्याचा दुसरा ठेका, परत एकोणीस.”

“म्हंजे आमाला तोडून ठिवलंय.”

“तोडूनच. वीस होऊ द्यायचे नाहीत, एवढीच हुशारी.”

मावशीने थोडा विचार केला. “तुमच्या पार्टीत किती हायती?”

“अकरा. म्हणजे… दोन वारले. नऊ.”

“आन् त्या वायरमनच्या?”

“त्यांच्याकडे बारा होते. आता असतील दहाएक.”

“म्हंजे तुमच्यात बी वीस न्हाईत की,” मावशी म्हणाली आणि पदर खोचून उठली. टोमणा मारायचा तिचा हेतू नव्हता. ती हिशेब करत होती.

चौकीवर सभा घ्यायची ठरली. कोणाची, हे न ठरता. मंडपवाल्याने लाऊडस्पीकर द्यायला नकार दिला, गणपतीत ठेकेदाराच्या मंडळाचं मोठं काम त्याच्याकडे होतं. नुसत्या तोंडाने बोलावं तर कचऱ्याची गाडी चौकीसमोर इंजिन चालू ठेवून उभी करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. वायरमन म्हणाला, अँप्लिफायर पक्षाची मालमत्ता आहे, सभासदांची मंजुरी घ्यावी लागेल. साचेवाल्यानेही साधारण तेच सांगितलं, जरा जास्त तात्त्विक भाषेत.

मावशी दुपारी परत आली, दोघेही घरी नसताना. तिने बायकांना विचारलं. दोन्ही घरांतून मंजुरी मिळाली. साचेवाल्याच्या बायकोने माळ्यावरून भोंगा काढला, त्यातल्या काड्या झटकल्या आणि म्हणाली, “घेऊन जा बाई, एक जागा रिकामी होईल.” वायरमनच्या बायकोने तर पिशवीत घालून वर बॅटरीही दिली. भोंगा आणि पेटी कचऱ्याच्या हातगाडीत शेजारी शेजारी बसून, फुटीनंतर पहिल्यांदाच, परत एकदा वांद्र्याच्या रस्त्यावरून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला चौकीवर एकतीस बाया, दोन कॉम्रेड आणि एक गाडी. गाडीचं इंजिन चालू. वायरमनने वायरी जोडल्या, बटण दाबलं. घूं. भोंग्यातून काहीच नाही. त्याने भोंगा उलटा केला. मागचं टोक रिकामं, नुसते आटे.

“युनिट कुठाय?” तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखा म्हणाला.

साचेवाल्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला. गुळगुळीत कागदात बांधलेली पुरचुंडी बाहेर काढली. कागदावर अर्धी ट्रॅक्टरवाली बाई होती.

“गंजलं असतं वर,” तो म्हणाला. “काढून ट्रंकेत ठेवलं होतं. यादीत नव्हतं ते.”

“तू आणि तुझी यादी,” वायरमन म्हणाला. “धर इकडून. आटे जाऊ देऊ नको.”

“धरलंय रे.”

भोंगा खरखरला. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. आधी कोण बोलणार? वायरमन म्हणाला, साचेवाला वयाने मोठा. साचेवाला म्हणाला, यंत्र चालवणारा आधी. ही नम्रता वाटेल, पण नव्हती. आधी बोलणारा प्रास्ताविक करतो आणि शेवटी बोलणारा अध्यक्ष असतो, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. दोघे एकमेकांना पुढे ढकलत असताना मावशीने माईक उचलला.

तिला भाषण येत नव्हतं. तिने नावं घेतली. वहीच्याच क्रमाने, रोज सकाळी ऐकून पाठ झालेली. एक नाव, मग थांबायची. ती बाई “हाय” म्हणायची. मुकादम सवयीने वही उघडून खुणा करू लागला. सतरा, अठरा, एकोणीस. त्याची पेन्सिल थांबली. मावशी थांबली नाही. विसावं नाव तिने स्वतःचं घेतलं, आणि स्वतःच “हाय” म्हणाली. भोंग्यातून ते ‘हाय’ कलानगरच्या सिग्नलपर्यंत गेलं असावं. एकविसावं त्या तळहात फाटलेल्या बाईचं. एकतिसापर्यंत गाडीवाल्याने इंजिन बंद केलं होतं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

लगेच काही मिळालं नाही. चौघींना दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नाही, मग अर्ज, मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयाच्या खेपा, मग तारखा. या लढाया किती लांबतात याचा अंदाज हवा असेल तर एक खरी गोष्ट सांगतो: मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो 2017 मध्ये, कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं झगडल्यावर.

त्या सकाळी सभा संपल्यावर दोघेही आपापली वस्तू न्यायला पुढे झाले. मावशीने तोवर भोंगा, पेटी, बॅटरी चौकीतल्या झाडूंच्या खोलीत ठेवून कडी घातली होती. किल्ली कमरेला.

“ऱ्हाऊ द्या हितंच,” ती म्हणाली. “लागंल तवा या.”

तेव्हापासून दोन्ही पक्षांना सभा घ्यायची असली की चौकीवर जावं लागे. मंजुरीला कार्यकारिणी नव्हती, ठराव नव्हता. मावशी झाडू भिंतीला टेकवायची, किल्ली हातात घ्यायची आणि कडी काढायच्या आधी विचारायची, “सभा कशाची हाय?”

सोव्हिएत संघाच्या विघटनाची कारणमीमांसा, असं साचेवाल्याने एकदा सांगून पाहिलं.

“कुणाचा पगार थकलाय त्यात?” मावशीने विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली.